उत्तर काठावरचा त्रिकोण

बेसिंगस्टोकच्या क्रिमेटोरियममध्ये आम्ही अकराजण होतो. मार्टिनने खिशातून कागद काढला आणि आपल्या आईबद्दल पाच-सहा वाक्यं वाचली. ती हॉलंडहून इंग्लंडला आली, रोपवाटिकेत नोकरी केली, केनशी लग्न केलं, बाग चांगली ठेवली, आणि तिला शब्दकोडी सोडवायला फार आवडायचं. आठवतं तेव्हापासून ती टेबलाशी बसून कोडी सोडवत असायची, असं तो म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी प्रेमाने हसलं. मग शवपेटीपुढचा पडदा सरकला.

मार्टिन वाईट मुलगा नाही. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. पण रिकाने आयुष्यात एकही शब्दकोडं सोडवलं नव्हतं, आणि हे सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून ईशान आणि मुक्ता, हे तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते आहे. तुम्ही पुण्याहून ब्रॅकनेलला तुमच्या या आजीकडे आला होतात तेव्हा शेजारच्या घरातल्या एका उंच आजींनी कुंपणापलीकडून बोट दाखवून तुम्हाला विचारलं होतं, "तो जो किडा तिथे बसलाय, त्याला तुम्ही काय म्हणता?" मुक्ता "ड्रॅगनफ्लाय" म्हणाली तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. ईशान "चतुर" म्हणाला तेव्हा त्यांनी एप्रनच्या खिशातून वही काढली होती. त्या आजी म्हणजे रिका.

इंग्रजीत तू आणि तुम्ही हा प्रश्न नसतो, त्यामुळे एवढ्या वर्षांत आम्हाला तो कधी सोडवावा लागला नाही. मराठीत लिहायला बसल्यावर मात्र ठरवावं लागतंय. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी होती, तरी मला ती "तू"च वाटते. तुम्ही तिला रिकाआजी म्हणा.

आधी ती टेबलाशी बसून काय करायची ते सांगते. हॉलंडमध्ये एक संशोधन संस्था आहे. डच भाषा गावागावांत कशी बदलत जाते आणि तिथल्या लोकांच्या चालीरीती काय आहेत, याचा अभ्यास तिथे चालतो. अभ्यासकांना प्रत्येक गावात जाऊन राहणं शक्य नसतं. म्हणून गावोगावी त्यांचे माहीतगार असतात. त्यांना पगार नाही, पदवी नाही. वर्षातून दोन-तीनदा एक जाड लिफाफा येतो, त्यात प्रश्नावली असते. घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला तुमच्या गावात काय म्हणतात? झाडाला बांधलेल्या झोक्याला काय म्हणतात? कुणी वारलं तर गावात निरोप द्यायला कोण जातं? माहीतगाराने उत्तरं भरायची आणि परत पाठवायची. मग संस्थेतली माणसं नकाशे काढतात. एका शब्दाचा एक नकाशा, आणि त्यावर प्रत्येक गावाची एक खूण. जिथे हा शब्द बोलतात तिथे गोल, जिथे तो बोलतात तिथे त्रिकोण.

रिका सतरा वर्षांची असताना गावच्या मास्तरांनी तिचं नाव या कामासाठी सुचवलं. तिचं गाव एका मोठ्या नदीच्या उत्तर काठावर होतं, विटांच्या भट्ट्यांचं गाव. ती पुढे इंग्लंडला आली तरी संस्थेने तिला सोडलं नाही. गावात राहिलेल्यांची बोली टीव्हीमुळे बदलत गेली आणि हिची तशीच राहिली, म्हणून उलट ती त्यांना जास्त उपयोगाची वाटायची. पन्नासहून जास्त वर्षं तिने एकही प्रश्नावली चुकवली नाही. केन वारला त्या महिन्यातलीसुद्धा.

आमची ओळख अशाच एका प्रश्नावलीने झाली. आम्ही इथे राहायला आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. तुमचे आजोबा हॉस्पिटलमध्ये कामावर गेले होते, मी खोकी उघडत होते. दार वाजलं. बाहेर एक उंच बाई हातात दुधाचं भांडं घेऊन उभी. तळाशी करपलेला थर होता. नाव नाही, गाव नाही, "वेलकम"सुद्धा नाही.

"याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" तिने त्या थरावर बोट ठेवलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तोंडात पहिला शब्द आला तो "बर्न्ट मिल्क". तिने मान हलवली.

"ते इंग्रजी झालं. तुमची आई काय म्हणायची?"

मी दारात उभी राहून विचार करत राहिले. ती थांबली. कित्येक वर्षं न वापरलेला शब्द वर यायला वेळ लागतो, आणि समोरचं माणूस सहसा तेवढं थांबत नाही. ही थांबली. शेवटी मी म्हटलं, "खरवड." तिने दोनदा म्हणून पाहिला, वहीत लिहिला, आणि मग म्हणाली, "मी शेजारची रिका. तुमचा कचऱ्याचा बिन माझ्या गेटसमोर आहे."

उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. "याला तुम्ही खरवड म्हणता का?" असं विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. वस्तू दाखवायची, वर्णन करायचं, आणि मग गप्प बसायचं. हा नियम तिच्या अंगात इतका भिनला होता की ती चहा घेणार का असंही विचारत नसे. केटल उचलून धरायची आणि आपल्याकडे बघत राहायची. केन म्हणायचा, "चाळीस वर्षं झाली, हिने मला आय लव्ह यू म्हटलेलं नाही. समोर उभी राहते आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघते."

एकदा तिच्या पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा मी तिच्याबरोबर डॉक्टरच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने स्क्रीनकडे बघत विचारलं, "दुखणं कसं आहे? टोचल्यासारखं, जळजळल्यासारखं, की दाबल्यासारखं?"

"डॉक्टर, तुम्ही तीन शब्द माझ्या तोंडात घातलेत," रिका म्हणाली. "आता मला माझा सापडायचा नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फ्लूच्या लशीच्या पोस्टरकडे पाहिलं.

"नुसतं विचारा, कसं दुखतं," रिका म्हणाली. "आणि मग बोलू नका."

त्याने विचारलं, आणि बिचारा खरंच गप्प बसला. मिनिटभर ती खिडकीकडे बघत राहिली. मग आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि त्याचं इंग्रजी करून सांगितलं, "दाराच्या फटीत बोट सापडलंय आणि कुणीतरी दार अगदी हळू उघडतंय, तसं." डॉक्टरने ते शब्दन् शब्द टाइप केलं.

दुसरा नियम असा, की माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. रिकाला या उत्तराचा सर्वांत जास्त अभिमान होता. "अंदाजाने लिहिणारा माहीतगार चोरापेक्षा वाईट," ती म्हणायची. "चोर निदान काहीतरी घेऊन जातो. हा खोटं ठेवून जातो."

मी तिला एकदा वेम्बलीला घेऊन गेले. ईलिंग रोडवरच्या देशी बाजारात तिने भाजीवाल्याच्या खोक्यातला दुधी उचलला आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या एका पंजाबी बाईपुढे धरला. "घीया," ती म्हणाली. पलीकडे एक तमिळ गृहस्थ टोमॅटो निवडत होते. ते म्हणाले, "सुरक्काय." दुकानदार गुजराती. तो आधीच कातावला होता. "बेन, लेवुं छे के खाली जोवुं छे?" घ्यायचंय की नुसतं बघायचंय, असं. मी म्हटलं, "भाई, ती फक्त नाव विचारतेय." तो म्हणाला, "दूधी. वन पाउंड फिफ्टी." रिकाने तिन्ही शब्द लिहून घेतले, माझा "दुधी भोपळा" चौथा. घरी येताना ट्रेनमध्ये ती किती तरी वेळ वही उघडून बसली होती. "एक भाजी, चार शब्द, आणि माणसं एकाच फुटपाथवर," ती म्हणाली. "याचा नकाशा कसा काढायचा?" दुधी तिने विकत घेतला नव्हता. मी घेतला होता.

तिची स्वतःची बोली मात्र ती इथे कुणाशी बोलत नसे. केनला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. मार्टिन लहान असताना ती त्याच्याशी बोलायची. पण तेव्हा केनची आई त्यांच्याकडे राहायची, तिला घरात परकी भाषा चालत नसे, आणि रिकाने ते बंद केलं. गावात तिचा भाऊ होता. त्याला दर रविवारी फोन करायची. तो गेला आणि तेही संपलं. राहिली ती प्रश्नावली. पुढे तिच्या हाताला कंप सुटला, अक्षर लागेनासं झालं, तेव्हा प्रश्नावली भरायला मी बसू लागले. मला डचचं एक अक्षर कळत नाही. ती एकेक अक्षर सांगायची, मी लिहायचे, आधी पेन्सिलने, मग तिने तपासल्यावर शाईने. त्या शब्दांपैकी एकही मी इथे लिहीत नाही. माझ्या कानाला जे ऐकू आलं ते देवनागरीत उतरवलं असतं तर ती रागावली असती.

प्रत्येक प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर तेच प्रश्न असायचे. नाव, जन्मगाव, वडिलांचं जन्मगाव, आईचं जन्मगाव. ते पान ती मला भरू देत नसे. हात कितीही हलत असला तरी ते स्वतः भरायची. मला वाटायचं, मानी बाई आहे, सही तरी आपली असावी असं वाटत असेल.

तीन वर्षांपूर्वी संस्थेतून एक संशोधक मुलगी तिला भेटायला आली. आन्नेके नाव. जवळच्या रेडिंग शहरात कुठल्याशा कॉन्फरन्सला आली होती, तिथून ट्रेनने आली. रिकाने दोन दिवस आधीपासून घर आवरलं होतं. मला म्हणाली, "तू पण ये. मी इंग्रजीत बोलेन, म्हणजे तुला कळेल." खरं म्हणजे ती घाबरली होती. इतक्या वर्षांत संस्थेतलं माणूस तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

आन्नेके तिच्याशी फार आदराने वागली. चहा झाल्यावर तिने टॅबलेट काढला आणि एकामागून एक नकाशे दाखवायला सुरुवात केली. मधून निळी नदी. नदीच्या दक्षिणेला सगळे त्रिकोण, उत्तरेला सगळे गोल. आणि उत्तरेच्या गोलांमध्ये एकच त्रिकोण.

"हे तुमचं गाव," आन्नेके म्हणाली. "झोक्याच्या नकाशात तसं. धाकट्या मुलाच्या नकाशात तसं. स्वयंपाकघरातल्या जवळजवळ सगळ्या शब्दांत तसं. उत्तर काठावर दक्षिणेचं एक बेट."

"बेट," रिका म्हणाली.

"आमचा असा कयास आहे की भट्ट्यांवर दक्षिणेकडून मजूर आले असणार आणि तुमच्या गावात स्थायिक झाले असणार. कागदोपत्री पुरावा अजून सापडत नाही. पण शब्द खोटं बोलत नाहीत ना. आम्ही नव्या पुस्तकात यावर एक पूर्ण प्रकरण घेतोय. तुमच्यामुळे."

रिका त्या एकट्या त्रिकोणाकडे बघत राहिली. आन्नेकेला ते वयाचं वाटलं असावं. तिने रिकाचा हात हातात घेतला, फोटो काढला आणि पाचच्या ट्रेनने गेली.

मी कपबश्या उचलायला लागले. रिका तशीच बसून होती.

"सुधा, बस," ती म्हणाली. "भट्ट्यांवर मजूर आले नव्हते. एक बाई आली होती. माझी आई."

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिची आई नदीच्या दक्षिण काठावरची, कॅथलिक. वडील उत्तरेचे, प्रोटेस्टंट. त्या काळी त्या नदीवरून होडी रोज जायची, लग्नं जात नसत. आईने धर्म बदलला, माहेर सोडलं, आणि वडिलांनी घरात नियम केला की तिच्या गावाचं नाव काढायचं नाही. शेजारी विसरावेत म्हणून. शेजारी विसरले नाहीत. ती वारली तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे सख्ख्या शेजाऱ्याने दारोदार जाऊन निरोप द्यायचा होता. तो तीन घरी गेला आणि परत आला.

"आणि प्रश्नावलीत तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"शेजारी सर्व घरी जाऊन निरोप देतो. गावची रीत तीच आहे. मी गावची रीत लिहिली."

"आणि आईचं जन्मगाव?"

"पहिली प्रश्नावली आली तेव्हा वडील टेबलाशी बसले होते. त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि आमच्याच गावाचं नाव सांगितलं. नियम असा होता की माहीतगाराचे आई-वडील दोघंही त्याच गावचे हवेत. नाही तर काम मिळालं नसतं." तिने समोरची कपबशी बाजूला सरकवली. "पहिल्यांदा त्यांनी लिहायला लावलं. नंतर प्रत्येक वेळी मी लिहिलं."

मुलांनो, ही चूक आपल्याला क्षुल्लक वाटेल. कोण कुठल्या काठावर जन्मलं, काय फरक पडतो. पण विचार करा. मूल स्वयंपाकघरातले शब्द आईकडून घेतं. झोका, खरवड, शेंडेफळ, सगळं आईचं. रिकाने ते आपल्या गावाचे म्हणून पाठवले. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. तिच्या दृष्टीने गाव म्हणजे आपलं घर. त्या शब्दांवर शहाण्या माणसांनी कधीच न झालेलं मजुरांचं एक स्थलांतर उभं केलं होतं, आणि आता ते पुस्तकात जाणार होतं. अंदाजाने लिहिणाऱ्याला चोरापेक्षा वाईट म्हणणारी बाई पन्नास वर्षं नकाशावर खोटं ठेवत आली होती.

"काय करू?" तिने विचारलं. असं ती कधी विचारत नसे.

मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स डिपार्टमेंटमध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. तिथे शिकवलेलंच मी तिला सांगितलं. चुकीची नोंद सापडली तर ती खोडायची नाही आणि लपवायचीही नाही. तिच्यावर खालचं वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची.

"आणि मग?"

"मग नोंद बरोबर होते."

हा सल्ला बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. त्यातून काहीही चांगलं झालं नाही.

तिने पत्र सांगितलं, मी अक्षरं लिहिली. तिने एक विनंती केली होती. हे शब्द आमच्या गावाच्या नावावरून काढा आणि माझ्या आईच्या गावाच्या नावावर घाला. पत्रात तिने त्या गावाचं नाव लिहिलं. ते लिहिताना मी पाहत होते. तो एक शब्द तिने माझ्याकडून पेन काढून घेऊन स्वतः लिहिला, आणि त्याला बराच वेळ लागला.

आन्नेकेचं उत्तर आलं ते सज्जनपणाचं होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. पुस्तक थांबवलं आहे. आईच्या गावाच्या नावावर मात्र हे शब्द घालता येणार नाहीत, कारण तुम्ही तिथे कधी राहिलेल्या नाहीत. शिवाय त्या गावाचा स्वतःचा माहीतगार आहे आणि त्याचे बरेच शब्द वेगळे आहेत. तुमच्या आईचे बहुधा तिच्या लहानपणचे, आणि एवढी वर्षं उत्तर काठावर राहून थोडे बदललेले. त्यांना जागा देता येईल असं गाव नाही. पण एक मार्ग आहे, तिने लिहिलं. कोणता शब्द आईचा आणि कोणता गावाचा, हे तुम्ही प्रत्येक उत्तरासमोर खूण करून कळवलंत, तर निदान गावाचे तेवढे ठेवता येतील.

रिकाकडे प्रत्येक प्रश्नावलीची प्रत होती. सुरुवातीच्या कार्बन कॉपी, नंतरच्या लायब्ररीत काढलेल्या फोटोकॉपी. मी त्या वर्षवार लावल्या. लाल पेन्सिल आईसाठी, निळी गावासाठी. रोज सकाळी दहा ते साडेअकरा आम्ही बसायचो. पहिले दोन दिवस भराभर गेले. तिसऱ्या दिवशी धाकट्या मुलाचा शब्द आला.

"लाल," ती म्हणाली. मी खूण केली. "थांब. शेजारची म्हातारीसुद्धा हाच म्हणायची."

"मग निळा?"

"ती आमच्या आईकडून शिकली असेल. आई तिच्याकडे धुण्याला जायची." ती डोळे मिटून बसली. "मला दोघींचा आवाज ऐकू येतो. आधी कोण म्हणाली ते ऐकू येत नाही."

त्यानंतर एकेका शब्दाला अर्धा अर्धा तास लागू लागला. लाल खुणा खोडून निळ्या झाल्या, निळ्या खोडून लाल. भावाला विचारता आलं असतं, तो नव्हता. तिच्या वर्गातली एक मैत्रीण तिथल्या एका केअर होममध्ये होती, तिचा नंबर मी शोधून काढला. रिकाने फोन स्पीकरवर ठेवला. ती आपल्या बोलीत बोलत होती आणि पलीकडची बाई भराभर काहीतरी उत्तर देत होती. फोन ठेवल्यावर रिकाने मला सांगितलं.

"ती बातम्यांतली डच बोलते. म्हणाली, आता कोण तसं बोलतं. मी विचारलं, झोक्याला आपण काय म्हणायचो? तर म्हणाली, तुमच्या घरात वेगळंच म्हणायचे, आम्ही तुम्हाला हसायचो, आठवत नाही?"

"तुला आठवतं?"

"नाही," रिका म्हणाली. "मला वाटायचं, सगळे असंच बोलतात."

सहाव्या आठवड्यात ती थांबली. खात्रीने खूण करता आलेले शब्द अकरा होते. उरलेल्या प्रत्येक उत्तरासमोर तिने मला तेच लिहायला लावलं, माहीत नाही. पानामागून पान. ज्या उत्तराचा तिला अभिमान होता ते मी लिहीत गेले, आणि ती पलीकडच्या खुर्चीवरून पुढचं पान सरकवत राहिली.

अकरा शब्दांवर गाव उभं राहत नाही. संस्थेने सगळ्याच प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या. काही महिन्यांनी सुधारलेला नकाशा आला, छापील, वर आन्नेकेच्या हातची शुभेच्छांची चिठ्ठी. रिकाचा चष्मा सापडत नव्हता. तिने नकाशा माझ्याकडे दिला.

"आमचं गाव कुठे दाखवलंय?"

मी नदी शोधली, उत्तर काठ शोधला, आजूबाजूच्या गावांचे गोल शोधले. मधे कागद कोरा होता.

"इथे खूण नाही," मी म्हटलं.

"त्रिकोण नाही?"

"त्रिकोणही नाही, गोलही नाही."

तिने मान हलवली, हिशेब बरोबर आल्यासारखी. "बरोबर आहे," ती म्हणाली. "बरोबर केलंय त्यांनी." त्यानंतर संस्थेचा लिफाफा आला नाही. आता प्रश्नावली ऑनलाइन असते, कुणालाही भरता येते; आन्नेकेने लिंक पाठवली होती. मी लॅपटॉप घेऊन गेले तर रिका म्हणाली, "मी कुठल्या गावची म्हणून भरू?" या वेळी तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

त्या हिवाळ्यात ती दोनदा पडली. मार्टिनने बेसिंगस्टोकजवळ, त्याच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, केअर होममध्ये खोली घेतली. तिने काही विरोध केला नाही. भांडी चॅरिटी शॉपला गेली, बागेतली कात्री मला दिली. प्रश्नावल्यांची खोकी राहिली होती.

"मी ठेवते," मी म्हटलं. "गॅरेजमध्ये जागा आहे."

"कशाला? तुला वाचता येत नाही. मार्टिनला वाचायचं नाही. आणि ज्यांना वाचता येतं त्यांना आता नको आहेत." तिने खोक्याचं झाकण लावलं. "लाल-निळं बघून उगाच कुणाला वाटेल, यात काहीतरी आहे."

ती केअर होमला जायची होती तो रद्दी न्यायला रीसायकलिंगची लॉरी यायचा दिवस होता. मी सकाळी गेटशी आले तेव्हा ती फुटपाथवर बिनच्या शेजारी कोट घालून, वॉकरला धरून उभी होती. झाकण बसत नव्हतं, वर प्रश्नावल्यांचे कागद दिसत होते. थंडी होती. मी म्हटलं, "आत हो, ते आपले आपण नेतील." तिने ऐकलं नाही. लॉरी आमच्या गल्लीत वळली. पिवळ्या जॅकेटातला माणूस उतरला, म्हणाला, "ऑल राइट, लव्ह?" आणि बिन ओढत नेला. यंत्राने तो उचलला, उलटा केला, खाली आणला.

बिन परत आणून ठेवला तेव्हा रिका त्या माणसाशी बोलली. इंग्रजीत नव्हे, आपल्या बोलीत. एक-दोन शब्द नव्हेत, चांगली लांब चार-पाच वाक्यं, मधे न अडखळता, आणि आवाज इतका सहज की मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. तो माणूस लॉरीच्या पायरीवर एक पाय ठेवून ऐकत राहिला. तिचं संपल्यावर त्याने मान लववली. "यू टू, डार्लिंग," तो म्हणाला, आणि लॉरी पुढे गेली.

ती काय बोलली ते मी विचारलं नाही. तिने रिकामा बिन एका हाताने गेटच्या आत ओढला, दार लावून घेतलं, आणि दुपारी दोन वाजता मार्टिनची गाडी आली.